हवेतले पाणी : प्रस्तावना

माझी अर्धी नोकरी हवेत पाणी घालण्यात गेली आणि उरलेली अर्धी तेच पाणी हवेतून काढण्यात. घरी हे सांगितले की मुले हसतात. हसण्यासारखेच आहे म्हणा.

१९७६ साली लालबागमधल्या एका कापड गिरणीत मी एच-प्लांटवर उमेदवार म्हणून लागलो. एच म्हणजे ह्युमिडिफिकेशन. एक बंद, अंधारी खोली. तिच्यात ओळीने बसवलेली पितळी नोझल. त्यांतून उडणारे पाण्याचे फवारे. बाहेरची हवा त्या फवाऱ्यांतून ओढून घ्यायची आणि मोठमोठ्या पंख्यांनी डक्टमधून कताईखात्यात, मागखात्यात सोडायची. नोझल तुंबली की आत शिरून ती एकेक काढायची, गाळ टोकरायचा, परत बसवायची. बाहेर आलो की मास्तर विचारायचे, "ओला पारा किती?" ओला पारा म्हणजे बल्बला ओली वात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा. साध्या थर्मामीटरचा, म्हणजे कोरडा किती हे ते क्वचितच विचारीत. ते असे का, हे कळायला मला दोन वर्षे लागली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो मिटला असे रीतसर कोणी कधीच जाहीर केले नाही. फवारे बंद पडले आणि आमच्यासारखे जे तरुण होते ते मिळेल तिकडे गेले. मी गोव्यातल्या एका औषध कारखान्यात लागलो. तिथे पहिल्याच पावसाळ्यात सुपरवायझर धावत आला, "हवा ओली झाली, गोळी पंचला चिकटतेय." सहा वर्षे कानावर उलटेच पडत आले होते : "हवा सुकली, तार तुटतेय." तीच हवा, तीच दोन थर्मामीटरे, आणि मागणी नेमकी उफराटी.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली आहे. हे पुस्तक तिच्याभोवतीच लिहिले आहे, म्हणून ती इथेच सांगून टाकतो. हवेची आर्द्रता अमुक टक्के "योग्य" आहे असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा ती कोणाची तरी मागणी असते. सुताची, कागदाची, जिलेटिनच्या कॅप्सूलची, द्राक्षाची किंवा माणसाची. या मागण्या एकमेकींशी जुळतातच असे नाही आणि न जुळणाऱ्यांत माणसाची मागणी बहुतेक वेळा शेवटी विचारात घेतली जाते. यंत्र कोणते घ्यायचे हा प्रश्न त्यानंतरचा आहे. आपल्याकडे तो पहिला विचारतात.

आता थोडे शास्त्र. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दवबिंदू आणि सापेक्ष आर्द्रता दोन्ही आहेत. परीक्षेपुरते आपण ते शिकतो आणि विसरतो. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सियसला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांना सुमारे १७ आणि १० अंशांना साडेनऊच्या आसपास. धरता येईल त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, ती सापेक्ष आर्द्रता. म्हणजे १० अंशांची पूर्ण भिजलेली हवा नुसती तापवून ३० अंशांवर नेली, तिच्यातून एक थेंबही काढला नाही, तरी तिची आर्द्रता शंभरावरून तीस टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढेच, आकडा मात्र कुठल्या कुठे. यामुळेच भिंतीवरच्या डिजिटल मीटरचा टक्केवारीचा आकडा एकटा वाचणारा माणूस हमखास फसतो. दवबिंदू मात्र फसवत नाही. हवेत खरोखर पाणी किती आहे ते तो सांगतो आणि कोणती वस्तू घाम सोडेल तेही. पावसाळ्यात कोकणात बाहेर २८ अंश आणि ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या जरा वर असतो. त्याहून थंड जे जे काही असेल, मग ती काच असो, पाइप असो की लोखंडी कपाट, ते ओले होणारच. त्याला इलाज नाही.

कापसाकडे येऊ, कारण या विषयाचे माहेर तिथे आहे.

कापसाचा धागा हवेतले पाणी पितो. किती पितो, हे त्याच्या कोरड्या वजनाच्या टक्क्यांत मोजतात. त्याला रीगेन म्हणतात. कापसाचे व्यापारात धरलेले रीगेन साडेआठ टक्के, पॉलिएस्टरचे अर्धा टक्कासुद्धा नाही. सूत तपासायच्या प्रयोगशाळेत आपल्याकडे २७ अंश आणि ६५ टक्के ही हवा प्रमाण मानतात; युरोपात तापमान २० अंश धरतात. आपली हवा आपल्या मापाने ठरवली गेली याचे मला अजून बरे वाटते. कापसाचा गुण असा की तो ओला झाला की जास्त मजबूत होतो. लोकर आणि व्हिस्कोस यांचे उलट आहे. म्हणून मागावर ताण्याचे धागे टिकायचे तर हवा चांगली दमट हवी, ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत. कताईत तेवढी चालत नाही. तिथे तंतू रुळांना गुंडाळायला लागतात, म्हणून पन्नास-साठच्या घरात ठेवतात. आणि फार कोरडी झाली की घर्षणाने वीज साठते, तंतू एकमेकांना दूर ढकलतात, सुताला लव सुटते आणि खात्यात रुई उडते. एकाच गिरणीत, एका भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, अशा दोन वेगळ्या हवा ठेवाव्या लागत.

शिवाय सूत वजनावर विकले जाते. शंभर किलोत एक टक्का पाणी कमी म्हणजे एक किलो सूत फुकट गेले, हे कोणत्याही मालकाला पुस्तकाशिवाय कळते. विदर्भात बाजाराला गाडी न्यायच्या आदल्या रात्री कापसावर पाणी मारणाऱ्यांनाही ते कळत असे.

इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये मार्च-एप्रिलच्या दुपारी कामगार जमिनीवर बादलीने पाणी मारताना मी पाहिले आहेत. खिडक्या बंद, पंखे बंद. मीटर कुठेच नाही. "तार तुटायला लागली की मारायचं," एवढेच त्यांचे गणित, आणि ते बरोबर असते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. ती त्या शेडमधल्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून पाणी मारल्यावर घटकाभर गारही वाटते. मग हवा भिजते, घाम सुकेनासा होतो आणि पुढचे चार तास त्याच माणसाला त्याच हवेत माग चालवायचे असतात.

हे दुखणे जुने आहे, आणि त्याच्या मुळाशी आपल्याच कापसाचाही हात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानातला आखूड धाग्याचा कापूस तिकडच्या गिरण्यांत गेला. त्याला तिकडे सरसकट "सुरत" म्हणत आणि विणकर त्याच्या नावाने बोटे मोडत, कारण तार सारखी तुटे. उपाय म्हणून खळ दाट झाली. तिच्यात चिनी माती आली. वजनही वाढे, हा व्यापाऱ्यांचा वेगळा फायदा. मातीची खळ लावलेला ताणा कोरड्या हवेत कडक होऊन मोडतो, म्हणून मागखात्यात थेट बॉयलरची वाफ सोडायला सुरुवात झाली. वाफेने ओलावा येतो तसा उकाडाही येतो; फवाऱ्यात आणि वाफेत हा मोठा फरक आहे. विणकरांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्यावर १८८९ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि कोरड्या पाऱ्यासमोर ओला पारा जास्तीत जास्त किती चालेल याचे कोष्टक गिरण्यांना लागू झाले. माणसाच्या बाजूने हवेत रेघ ओढण्याचा हा फार लवकरचा सरकारी प्रयत्न.

नागपूरला प्रश्न वेगळा होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला तिथे सुरू झाली. कापूस दाराशी, पण हवा उन्हाळ्यात हाडासारखी कोरडी. हिंदुस्थानातले पहिले ह्युमिडिफायर आणि आग विझवणारे फवारे टाटांनी आपल्या गिरण्यांत बसवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुंबईला दमट हवा फुकट मिळते म्हणून गिरण्या इथे वाढल्या, असे नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. बंदर आणि भांडवल ही मोठी कारणे होती. आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे कोरडे वारे सुटले की मुंबईतसुद्धा एच-प्लांट पूर्ण ताकदीने चालवावे लागत, हे मी स्वतः नोझल साफ करून सांगतो.

"एअर कंडिशनिंग" म्हटले की आज गारवा डोळ्यांपुढे येतो. पण तो शब्द कापड गिरणीत जन्मला आणि ओलाव्यासाठी जन्मला. अमेरिकेत शार्लट इथले गिरणी-अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांनी १९०६ साली तो वापरला. सुताला ओलावा देऊन "कंडिशन" करतात, तसे हवेला करायचे, असा त्यांचा हिशेब. त्याआधी चार वर्षे, जुलै १९०२ मध्ये, पंचवीस वर्षांच्या विलिस कॅरिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणेचा आराखडा केला होता. तिथे कागद दमटपणाने फुगे, दुसऱ्या दिवशी आकसे, आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. त्याने ५५ टक्के आर्द्रता पकडायचे ठरवले. आज ज्याला वातानुकूलनाचा जनक म्हणतात त्याला बोलावणे आले ते माणसे घामाघूम झाली म्हणून नव्हे, कागद फुगला म्हणून.

त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडी पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुक्यात उभे असताना कॅरिअरला जे सुचले ते मला अजूनही थक्क करते : पाण्याचा फवारा मारून हवा कोरडी करता येते. ऐकायला वेडेपणा, पण फवाऱ्याचे पाणी हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल तर वाफ त्या थेंबांवरच जमते आणि हवेतून निघून जाते. फवाऱ्याचे पाणी किती गार, एवढ्यावर हवा ओली होणार की सुकी हे ठरते. २ जानेवारी १९०६ ला त्याला या यंत्राचे पेटंट मिळाले. लालबागमधला माझा एच-प्लांट त्याच कुळातला. मी सहा वर्षे तिथे एका दिशेने काम केले आणि ते यंत्र दोन्ही दिशांनी चालू शकते हे मला गोव्यात कळले.

आता मास्तर ओलाच पारा का विचारीत ते सांगतो. माणसाचे शरीर घामाच्या वाफेने गार राहते. ही वाफ किती सहज होईल ते ओला पारा दाखवतो. जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवून दिले की स्थिर हवेत ओला पारा साधारण ३१ अंशांपुढे गेला की शरीराचे तापमान चढू लागते, मग कोरडा पारा काहीही असो. नागपूरला मे महिन्यात ४५ अंश आणि १५ टक्के असताना ओला पारा २४ च्या आसपास असतो. मुंबईत जुलैमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के असताना तो २८ ला टेकतो. नागपूरचा वाळ्याचा कूलर मेमध्ये खोली थंड करतो आणि जुलैत नुसती चिकचिक करतो, त्याचे कारण या दोन आकड्यांत आहे. मेमधले नागपूर सुखाचे असते असे मात्र कोणी समजू नये. लू कशी लागते ते वैदर्भीयांना विचारावे.

आपल्याकडच्या गिरण्यांतल्या हवेवर टी. मलोनी यांचा अहवाल १९२३ साली निघाला. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १५ आले. आर्द्रता कृत्रिमरीत्या वाढवायची असेल तर तिची मर्यादा आणि मोजमाप यांचे नियम राज्य सरकारने करावेत, असे ते सांगत होते. त्याच कलमात एक साधी पण फार मोलाची अट होती : हवेत सोडायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्यातले किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातले असावे, नाहीतर नीट शुद्ध केलेले असावे. कामगार जे पाणी श्वासातून घेणार ते पिण्याजोगे हवे, एवढेच. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेले माजी सैनिक न्यूमोनियासारख्या आजाराने दगावले आणि पुढच्या वर्षी लेजिओनेला हा जिवाणू सापडला, तेव्हा संशय वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरवर गेला. आपला कायदा त्याआधी अठ्ठावीस वर्षे पाण्याबद्दल बोलून बसला होता.

पण कायदा असतो आणि रजिस्टरही असते. ज्या गिरणीत मी शिकलो तिथे मागखात्यात ओल्या-कोरड्या पाऱ्याची जोडी टांगलेली होती आणि रोजच्या नोंदींची वही होती. ती वही महिनाअखेरीस एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली मी पाहिली आहे. मे महिन्यातले एकतीसही दिवस ओला पारा एकाच अंशावर. मी उमेदवार होतो, गप्प बसलो. हे पुस्तक लिहिण्यामागे ते गप्प बसणेही आहे.

हवा सुकवण्याची बाजू पुस्तकात मोठी आहे, इथे थोडक्यात सांगतो. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या बनवायला २५ अंशांना २५ टक्क्यांच्या आत हवा लागते, म्हणजे घनमीटरला सहा ग्रॅमसुद्धा वाफ नको. बाहेर पावसाळी हवेत ती चोवीस-पंचवीस ग्रॅम असते. तासाला नुसती १,००० घनमीटर बाहेरची हवा आत घेतली तरी एक बादलीभर पाणी काढावे लागते, दर तासाला. सात अंशांच्या थंड पाण्यावर चालणारी कॉइल एवढ्या खाली जाऊच शकत नाही. तिथे सिलिका जेलचे सावकाश फिरणारे चाक लागते. त्याच्या एका भागातून हवा जाते आणि पाणी सोडते. उरलेल्या भागातून शंभर अंशांच्या वरची तापलेली हवा सोडून ते चाक पुन्हा सुकवतात. सुकलेली हवा गरम होऊन बाहेर पडते, मग ती परत गार करायची. वीज दोनदा जाते. विक्रेता हे शेवटी सांगतो, मी पहिल्या पानावर सांगतो आहे.

त्याहून जास्त नुकसान मी एसीने झालेले पाहिले आहे. मुंबईतल्या एका कार्यालयाने जुन्या दस्तऐवजांची खोली जपण्यासाठी गरजेच्या दुप्पट ताकदीचा एसी बसवला. मोठा एसी खोली चटकन गार करतो आणि थांबतो. पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि कॉइलवर साचलेले थेंब पंख्याच्या वाऱ्याने परत हवेत जातात. संध्याकाळी सहाला शिपाई एसी बंद करून जाई. रॅक आणि कागद एकोणीस-वीस अंशांवर, बाहेरच्या हवेचा दवबिंदू पंचविसाच्या वर. फटींतून रात्रभर ती हवा आत येई आणि सकाळी लोखंड ओले. दोन पावसाळ्यांत बुरशी आली. मला बोलावले तेव्हा साहेबांनी विचारले, "आणखी एक एसी लावायचा का?" मी म्हटले, आहे तो काढा, दाराच्या फटी बुजवा आणि एक छोटे डिह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू ठेवा. ते त्यांना फार स्वस्त वाटले असावे; पुढे बोलावणे आले नाही.

यंत्राशिवायही हे काम होते, आणि शेतकरी ते करतात. शीतगृहात द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास ९० ते ९५ टक्के ओलावा हवा, नाहीतर देठ सुकतात. कांद्याला ६५-७० च्या वर नको, नाहीतर कोंब आणि सड. नाशिक जिल्ह्यात दोन्ही पिकतात, कधी एकाच शेतकऱ्याच्या घरी. कांद्याची चाळ म्हणजे वारा खालून आणि बाजूंनी खेळवणारी, आर्द्रता राखणारी इमारतच आहे. तासगावची बेदाण्याची शेड म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या वाऱ्याचा सावलीत केलेला उपयोग. या दोन्हींवर एक प्रकरण आहे. इंजिनिअर मंडळींनी ते वगळू नये अशी विनंती.

पुस्तक फिटर, सुपरवायझर, छोटे कारखानदार आणि गोदामवाले यांच्यासाठी आहे. गणित बेरीज-वजाबाकीच्या पुढे फारसे नाही; सायक्रोमेट्रिक तक्ता कसा वाचायचा ते मात्र सावकाश, तीन प्रकरणांत सांगितले आहे, कारण तिथेच बहुतेक जण हात टेकतात. कोणत्याही कंपनीच्या मॉडेलची शिफारस नाही. संगणकांच्या चिपा बनवणाऱ्या स्वच्छ खोल्यांचा विषय मी हाताळलेला नाही, म्हणून तो घेतलेला नाही. मराठी प्रतिशब्दांचा अट्टहास केला नाही. खात्यात ज्याला नोझल म्हणतात त्याला पुस्तकातही नोझलच म्हटले आहे. ज्या मास्तरांनी मला ओला पारा वाचायला शिकवले ते आता नाहीत, त्यांना ही प्रत दाखवता आली नाही.

वाचकांना एकच सांगणे. पहिले प्रकरण उघडण्याआधी दोन साधी काचेची थर्मामीटरे विकत घ्या. एकाच्या बल्बला सुती वात गुंडाळून तिचे टोक स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत सोडा आणि दोन्ही शेजारी टांगून पंख्याचा वारा लागू द्या. जागा मालाची नको. जिथे तुमचा माणूस आठ तास उभा असतो तिथली हवी. आठवडाभर दिवसातून तीनदा दोन्ही आकडे लिहून ठेवा, दर वेळी त्याच वेळी, आणि वात मळली की बदला. पुस्तकातले पहिले उदाहरण त्या एकवीस नोंदींवर सोडवायचे आहे.